कॅरव्हॅनचं सिंक पुन्हापुन्हा तुंबतंय? आधी उतार बघा, मग हवा, गाळ शेवटी

भांडी घासून झाली की पाणी सिंकमध्ये तसंच उभं. मधूनच एक मोठा बुडबुडा वर येतो, पाणी दोन बोटं उतरतं आणि परत थांबतं. शॉवरखाली उभं राहावं तर बघता बघता ट्रे भरून घोट्यापर्यंत पाणी येतं. मग कुणीतरी प्लंजर काढतं, गरम पाणी ओतलं जातं, सोडा आणि व्हिनेगरचा फेस होतो आणि दोन दिवस सगळं बरं चालतं. तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

साफ केल्यावर तेवढ्यापुरतं सुधारतं आणि परत येतं, असं दुखणं असेल तर नळीत काहीतरी अडकलंय ही समजूत तूर्त बाजूला ठेवा. कॅरव्हॅनमध्ये या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा उतारात नाहीतर हवेत सापडतं. पाणी जिथे रेंगाळतं तिथे गाळ बसतो. गाळ काढला आणि रेंगाळणं तसंच राहिलं तर गाळ पुन्हा बसणारच.

मुळात अडचण कुठे आहे

घरातल्या सिंकची नळी साधारण ३२ किंवा ४० मिमीची असते. ती थोडं अंतर आडवी जाते आणि थेट उभ्या पाइपात पडते. त्या उभ्या पाइपाचं वरचं तोंड छपराच्या वर उघडं असतं, त्यामुळे हवेला ये-जा करायला जागा असते. कॅरव्हॅनमध्ये यातलं काहीच नसतं. नळी २० ते २८ मिमीची. ती जमिनीतून खाली उतरते, चासीच्या पट्ट्या, चाकाची कमान आणि गॅसची लाइन चुकवत गाडीच्या एका कडेपर्यंत आडवी जाते, आणि हवेसाठी वेगळी वाट बहुधा ठेवलेलीच नसते.

२० आणि २८ हे आकडे जवळजवळ दिसतात, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. २८ मिमीच्या नळीचं तोंड २० मिमीच्या जवळपास दुप्पट भरतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत वळ्यावळ्यांची लवचिक नळी वापरलेली असते. बनवणाऱ्याच्या दृष्टीने ती सोयीची, कारण एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, न लावता कशीही वळवता येते. पाण्याच्या दृष्टीने मात्र प्रत्येक वळी हा एक अडथळा आहे, आणि प्रत्येक वळीच्या खोबणीत तेलाचा, साबणाचा साका धरून बसतो. दोन क्लिपांमधलं अंतर जास्त असेल तर ही नळी स्वतःच्याच वजनाने खाली लोंबते आणि तिला झोळ पडतो. सगळ्या गोष्टीचा खलनायक हा झोळ.

झोळात पाणी साचून राहतं. सिंकचं बूच काढलं की वरून पाणी येतं आणि खाली झोळात आधीचं पाणी असतं. मधली हवा दोन्हीकडून कोंडली जाते. तिला सुटायला एकच दार, ते म्हणजे ज्यातून पाणी खाली येतंय तेच भोक. म्हणून तो बुडबुडा आणि म्हणून ते थांबत थांबत उतरणं. इथे नळी कितीही घासून साफ केली तरी हवा कोंडलेलीच राहते.

खर्च न करता करायच्या तपासण्या

कुठलाही पाना हातात घेण्याआधी एक आकडा लिहून ठेवा. सिंकमध्ये पाच लिटर पाणी मोजून भरा, बूच काढा आणि पूर्ण उतरायला किती सेकंद लागतात ते बघा. पुढे प्रत्येक बदलानंतर हेच मोजायचं. ‘आता जरा बरं वाटतंय’ या शब्दावर दुरुस्ती करत गेलं की माणूस सहा वस्तू बदलतो आणि कशाने फरक पडला ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

पहिली तपासणी गाडीच्या समतलपणाची. सांडपाण्याच्या नळीला चाळीसास एक, म्हणजे मीटरमागे २५ मिमी उतार असावा असं धरतात. कोनात मोजलं तर हा जेमतेम दीड अंश होतो. आता दोन मीटर रुंदीची गाडी घ्या. पाणी बाहेर पडण्याच्या बाजूचं चाक दुसऱ्या बाजूपेक्षा पाच सेंटिमीटर उंच राहिलं की हा सगळा उतार शून्यावर येतो. आणखी थोडं उंच असेल तर पाणी उलट शॉवरकडे यायला लागतं. एका जागी व्यवस्थित चालणारं सिंक दुसऱ्या जागी अचानक का रुसतं, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. पाणसळ सिंकजवळ जमिनीवर ठेवा, लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे बघा, आणि बाहेर पडण्याच्या तोंडाची बाजू किंचित खाली राहील अशी चाकाखालची पाचर किंवा पुढचं जॉकी व्हील, म्हणजे ओढायच्या दांड्याखालचं लहान चाक, जमवा. किंचित म्हणजे खरोखर किंचित. फार कललेल्या गाडीत शोषण पद्धतीचा गॅसवर चालणारा फ्रिज नीट काम करत नाही, आणि झोपतानाही डोकं खाली जातं.

दुसरी तपासणी बाहेरच्या नळीची. गाडीच्या तोंडापासून सांडपाण्याच्या टाकीपर्यंत जी नळी तुम्ही जोडता ती काढून ठेवा, तोंडाखाली बादली धरा आणि पाच लिटरची चाचणी पुन्हा घ्या. वेळ एकदम कमी झाला तर गाडीत काहीच बिघडलेलं नाही, दोष बाहेर आहे. बाहेरचे दोष नेहमी तेच: नळी गरजेपेक्षा लांब आहे आणि तिचा वेटोळा जमिनीवर पडलाय; टाकीचं तोंड उंच असल्यामुळे नळी आधी खाली जाऊन परत वर चढते; किंवा नळीचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडलंय. टाकीचं दुसरं झाकण घट्ट लावून ठेवणं हाही नेहमीचाच प्रकार. पाणी आत यायचं तर आतली हवा बाहेर जायला हवी, आणि झाकणं बंद, नळी तोंडात गच्च, मग हवा जाणार कुठून? टाकी आडवी ठेवता येत असेल तर आडवी ठेवा, हवेचं झाकण सैल करा, नळी कापून आखूड करा. कित्येकांचं काम इथेच संपतं.

तिसरी तपासणी विचाराची आहे. नेमकं कोणतं भोक हळू चालतंय? फक्त स्वयंपाकाचं सिंक हळू आणि बेसिन, शॉवर ठीक, तर दोष सिंक आणि सगळ्या नळ्या जिथे एकत्र येतात त्या जोडाच्या मध्ये आहे. सगळीच हळू असतील तर दोष जोडाच्या पुढे, बाहेरच्या दिशेला. आणि सिंक रिकामं करताना शॉवरच्या ट्रेमध्ये पाणी वर येत असेल तर दोघांची नळी एक आहे आणि ती पुढे कुठेतरी अपुरी पडते आहे. ट्रे सगळ्यांत खाली असल्यामुळे तुंबलेलं पाणी आधी तिथे डोकं वर काढतं. शॉवरच्या ज्या जाळीला दोष दिला जातो ती बिचारी स्वच्छ असते.

हवेची परीक्षाही सोपी. सिंक भरा, बूच काढा आणि उतरणं अडखळलं की तळहात भोकावर ठेवून दोनतीनदा खालीवर करा. एकदम ‘घळ्ळ’ करून पाणी सुटलं आणि नंतर वेगाने गेलं तर ती कोंडलेली हवा होती. गाळ असता तर इतक्या हलक्या हाताने हलला नसता. आणखी खात्री हवी असेल तर सिंकखालच्या नळीचा वीतभर तुकडा पारदर्शक नळीचा लावून बघा. हवा वर येताना डोळ्यांनी दिसते, आणि घरातल्या लोकांशी वाद घालायची वेळ येत नाही.

गाडीखाली जाताना

आता खाली वाकायची वेळ. हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी आणि गाडी पक्क्या जमिनीवर असल्याशिवाय खाली शिरू नका. कोपऱ्यातले चार पाय गाडी स्थिर ठेवण्यासाठी असतात, ते जॅक नव्हेत. उंच करायचीच असेल तर योग्य जागी जॅक लावून खाली ॲक्सल स्टँड द्या.

टॉर्चच्या उजेडात नळीचा सगळा प्रवास एकदा बघून घ्या. झोळ असला की लगेच दिसतो. न दिसणारा पण तितकाच वाईट प्रकार म्हणजे सपाट तुकडा: नळी सरळ आहे, पण तिला उतारच नाही. तो नुसत्या नजरेला कळत नाही. ६० सेंटिमीटर लांबीची पाणसळ घ्या आणि तिच्या एका टोकाला खालच्या बाजूने १५ मिमी जाडीची लाकडी पट्टी चिकटवा. पट्टीचं टोक पाणी जाण्याच्या दिशेला ठेवून पाणसळ नळीवर टेकवा. बुडबुडा मधोमध आला तर उतार बरोबर चाळीसास एक. यासाठी गाडी आधी समतल असली पाहिजे, हे सांगायला नकोच.

झोळ काढणं

नळी धडधाकट असेल तर पहिला उपाय क्लिपांचा. लवचिक नळीला दर ३० ते ४० सेंटिमीटरला आधार द्या, आणि प्रत्येक क्लिप मागच्यापेक्षा थोडी खाली. क्लिपा जमिनीच्या खालच्या पाट्याला स्क्रूने लावता येतात, पण स्क्रूची लांबी पाट्याच्या जाडीपेक्षा कमी हवी. लांब स्क्रू वर आला तर पायाला लागेल ते वेगळंच, मध्ये वायर किंवा पाण्याची नळी असली तर नवं काम निघेल. स्क्रूच्या भोकात सीलंट भरा. चासीच्या पट्टीला भोक पाडू नका, तिथे केबल टाय किंवा पट्टीला पकडणारा क्लॅम्प वापरा. आणि जमिनीत गॅससाठी ठेवलेली उघडी भोकं दिसतील, ती धूळ येते म्हणून कधीही बुजवायची नाहीत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो; गळती झालीच तर तो तिथून बाहेर पडावा यासाठीच ती आहेत.

वळ्यांची नळी आतून काळी आणि चिकट झाली असेल तर क्लिपांवर वेळ घालवू नका, ती बदलाच. दोन पर्याय आहेत. एक, बाहेरून वळ्या पण आतून गुळगुळीत असलेली लवचिक नळी. ती जुन्याच वाटेने जाते आणि काम अर्ध्या दिवसाचं होतं. दोन, २८ किंवा ३२ मिमीचा कडक पाइप. यात मोजमाप, एल्बो, जोड असं सगळं आलं, पण एकदा लावला की त्याला झोळ पडत नाही आणि आधारही कमी लागतात. माझं मत विचाराल तर लांब आडव्या तुकड्याला कडक पाइप आणि फक्त सिंकखालच्या अडचणीच्या वळणाला गुळगुळीत लवचिक नळी, ही मिसळ सगळ्यांत चांगली. सगळीकडे कडक पाइपचा हट्ट धरला तर शेवटच्या दोन वितांसाठी चार एल्बो लावावे लागतात आणि मिळवलेलं तिथेच घालवून बसतो.

एल्बोचाच विषय निघाला म्हणून: काटकोनाच्या एका एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन लावायला जागा असेल तर तसं करा. दोन नळ्या एकत्र येतात तिथे बहुधा साधा ‘टी’ असतो. सिंकचं पाणी त्याच्या समोरच्या भिंतीवर आपटतं आणि निम्मं शॉवरकडे वळतं. तिथे तिरका ‘वाय’ लावा, फांदीचा कल पाणी जाण्याच्या दिशेने ठेवा. छोटा बदल आहे, पण ट्रेमध्ये पाणी उसळणं याने बरंच कमी होतं. दोघांच्या नळ्या शेवटपर्यंत वेगळ्या नेता आल्या तर त्याहून उत्तम. मग एकाचा त्रास दुसऱ्याला होत नाही.

जोड कसे करायचे हे पाइप कशाचा आहे यावर ठरतं. पीव्हीसी आणि एबीएसला त्यांचं त्यांचं सोल्युशन लावून कायमचा जोड होतो. दाबून बसवायचे, रबरी रिंग असलेले पाइप पुष्कळदा पॉलीप्रॉपिलीनचे असतात आणि त्यावर सोल्युशन धरत नाही. वरवर चिकटल्यासारखं वाटतं आणि पहिल्याच खडबडीत रस्त्यावर सुटतं. असा पाइप कापल्यावर टोकाची धार कानसून काढा, नाहीतर ती रिंग कापते, आणि बसवताना साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. मोठ्या पाइपासाठी जमिनीतलं भोक वाढवावं लागलं तर कापलेली कड उघडी ठेवू नका. जमीन बहुधा प्लायवूड आणि फोमची असते, एकदा ओल शिरली की आतून कुजत जाते आणि वरून कळतही नाही.

सगळी नळी मोठी केली आणि सिंकचं वेस्ट कपलिंग, म्हणजे भोकात बसणारं तोंड, मात्र जुनंच २० मिमीचं ठेवलं, असं करू नका. पाणी त्या सर्वांत अरुंद तोंडाच्या मापानेच जाणार. मोठ्या तोंडाची कपलिंग मिळतात, फक्त सिंकच्या पत्र्यातलं भोक मोजूनच घ्या. उलट दिशेचंही लक्षात ठेवा: पुढे जाताना नळी कधीही बारीक होऊ द्यायची नाही.

हवेला वाट

उतार नीट झाला तरी बुडबुडे थांबले नसतील तर हवेचा बंदोबस्त करावा लागतो. इथे एक गल्लत नेहमी होते. बाजारात मिळणारा हवेचा व्हॉल्व्ह, म्हणजे एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह, हवा फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही. पाणी वेगाने जाताना मागे ओढ तयार होत असेल, ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवण्यासाठी सिंकखालच्या वळणात राहणारं, पाणी खेचलं जात असेल, तर तो उपयोगी आहे. पण आपली अडचण कोंडलेल्या हवेची असेल तर हवा बाहेर जायला हवी, आणि तिथे हा व्हॉल्व्ह तोंड मिटून बसतो. लोक तो लावतात, फरक पडत नाही, आणि मग व्हॉल्व्ह खराब निघाला म्हणतात.

कोंडलेल्या हवेसाठी उघडी वाट हवी. सिंकखाली नळी आडवी वळायच्या जरा आधी एक टी घाला, त्याच्या वरच्या तोंडाला १० ते १२ मिमीची बारीक नळी जोडा, ती कपाटात ओट्याच्या पाट्याखाली जितकी वर नेता येईल तितकी वर न्या, तिथून वळवून जमिनीतून खाली बाहेर काढा. हवा या नळीने निघून जाते. पुढे नळी खरंच तुंबली आणि पाणी चढलं, तरी ते कपाटात न सांडता गाडीखाली पडेल, आणि खाली पडणारं पाणी हीच तुंबल्याची सूचना. या नळीचं बाहेरचं तोंड जाळीने झाका, कीटक घरटं करतात. ते खिडकीखाली किंवा हवा आत घेणाऱ्या झरोक्याजवळ मात्र नको.

उतार सुधारला आणि वास सुरू झाला

हे अनेकांना चकवतं. इतके दिवस वास नव्हता, दुरुस्ती केल्यावर सिंकमधून कुबट वास यायला लागला. कारण गमतीचं आहे. ज्या झोळाने पाणी अडवलं होतं त्याच झोळातलं साचलेलं पाणी वासही अडवत होतं. बऱ्याच कॅरव्हॅनमध्ये सिंकखाली ट्रॅप नसतोच. तो झोळ नकळत ट्रॅपचं काम करत होता. आता नळी सरळ, आणि टाकीतली हवा थेट आत.

यासाठी झोळ परत पाडायचा नाही. जागा असेल तर सिंकखाली छोटा ट्रॅप लावा. गाडी चालताना ट्रॅपमधलं पाणी हिंदकळून निघून जातं, त्यामुळे मुक्कामाला पोचल्यावर कपभर पाणी ओतावं लागतं. याला कंटाळा येत असेल तर बिनपाण्याचा ट्रॅप घ्या. त्यात मऊ पडद्याची नळी असते, पाणी आलं की उघडते, गेलं की मिटते. तो आडवाही बसवता येतो, म्हणून कमी जागेत सोयीचा. लावताना बाणाची दिशा बघा. त्यात भाताचं शीत किंवा दोरा अडकला की पडदा पूर्ण मिटत नाही आणि वास परत येतो, म्हणून वरची जाळी जाग्यावर हवीच. जोड असे ठेवा की तो हाताने सोडवून धुता येईल.

तात्पुरता उपाय हवा असेल तर वापर नसताना बूच लावून ठेवा. बुचाने वास थांबतो, बाकी काही करावं लागत नाही.

शॉवर वेगळा का वागतो

स्वयंपाकाच्या सिंकपासून जमिनीखालच्या नळीपर्यंत पाण्याला बऱ्यापैकी उभी उंची मिळते आणि ती उंची पाण्याला ढकलते. शॉवरच्या ट्रेखाली जेमतेम काही सेंटिमीटर. म्हणून उताराची जरा जरी चूक असली तरी सिंक ती निभावून नेतं, ट्रे नेत नाही. यातून एक अंदाज बांधता येतो: फक्त सिंक रडत असेल तर आधी हवा आणि साका बघा, फक्त शॉवर रडत असेल तर आधी समतलपणा आणि उतार.

ट्रेच्या मधोमध डबकं राहत असेल तर त्याचा नळीशी संबंध नाही. ट्रे खालून पोकळ आहे आणि पायाखाली दबतो. त्याला खालून आधार द्यावा लागतो, नाहीतर काही काळाने तो तडकतो आणि पाणी जमिनीत मुरायला लागतं. उतार कुठूनच मिळत नसेल, चासी आडवी येत असेल, तर १२ व्होल्टचा सांडपाण्याचा पंप लावता येतो. माझ्या लेखी तो शेवटचा उपाय. त्याला आवाज आहे, केसांसाठी गाळणी आहे आणि ती गाळणी दर थोड्या दिवसांनी उघडून साफ करणं आहे.

आणि खरोखर गाळच असेल तर

कॅरव्हॅनची नळी गाडीखाली उघड्या हवेत असते. थंडीत तेलकट पाणी घरातल्यापेक्षा फार लवकर गोठून भिंतीला चिकटतं. भांडी घासण्याआधी कागदाने पुसून घेतली तर साक्याचा मोठा भाग नळीत जातच नाही, आणि हे कुठल्याही द्रावणापेक्षा जास्त कामाचं आहे. चहा-कॉफीचा चोथा, भात, पीठ कालवलेलं पाणी हे सिंकसाठी नाहीच.

उकळतं पाणी ओतू नका. पीव्हीसी साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो, आणि मऊ पडलेली नळी पुन्हा लोंबते. म्हणजे झोळ तुम्हीच केला. हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी आणि भांड्यांचा साबण सिंकमध्ये भरून एकदम सोडा. एकदम सोडण्यात जोर आहे, नळ चालू ठेवण्यात नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की फेस छान दिसतो, पण दोघे एकमेकांना निकामी करतात आणि उरतं ते मुख्यतः खारट पाणी. कपडे धुण्याची एंझाइमवाली पावडर कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर नळीत राहू दिली तर साका बराच सुटतो.

कॉस्टिकचे ड्रेन क्लीनर टाळा. ते पाण्यात मिसळताना तापतात, ॲल्युमिनियम खातात आणि गाळ न सुटल्यास झोळातच साचून राहतात. मग जो कोणी खालून जोड उघडेल त्याच्या चेहऱ्यावर ते पाणी येतं.

प्लंजर वापरताना बाकीची सगळी भोकं ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर सिंकमध्ये दाब दिला की शॉवरमधून कारंजं. बाहेरच्या तोंडातून होजने उलटं पाणी सोडणं हा सर्वांत परिणामकारक प्रकार, पण नळ हळूहळू उघडा. दाबून बसवलेले जोड पूर्ण दाबाला सुटतात, आणि ते बहुधा कपाटाच्या मागे, हात न पोचणाऱ्या ठिकाणी सुटतात. निघालेलं घाण पाणी बादलीत धरून सांडपाण्यासाठी ठरवलेल्या जागीच ओता.

गाडीत बसवलेली टाकी असेल तर

गाडीखाली कायमची टाकी असेल तर तिच्या हवेच्या नळीवर पहिला संशय घ्या. ती चिखलाने किंवा कोळ्याच्या जाळ्याने बंद झाली की टाकीतली हवा सिंकमधूनच बाहेर पडते: एका भोकात पाणी सोडलं की दुसऱ्यात गुडगुड. टाकीचा व्हॉल्व्ह उघडून चाचणी घ्या, वेळ सुधारला तर हवेची नळी साफ करा. टाकी अर्धी असतानाही भरल्याचा दिवा लागत असेल तर आतल्या सेन्सरवर तेल चढलंय. निघताना टाकीत थोडं साबणाचं कोमट पाणी घाला. रस्त्यावर हिंदकळून ती आतून धुतली जाते, पोचल्यावर रिकामी करा.

गाडी थंडीत उभी ठेवणार असाल तर बाहेरचं तोंड उघडं ठेवा, गाडी त्या बाजूला थोडी कलती करून नळी रिती होऊ द्या आणि ट्रॅपमधलं पाणी स्पंजने टिपून घ्या. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, आणि नळीत एखादा झोळ तुमच्या नजरेतून सुटला असेल तर ती नेमकी तिथे फुटते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला टाकी जोडण्याआधी पाच लिटरची चाचणी बादलीवर घ्या आणि कुणाला तरी टॉर्च घेऊन गाडीखाली बघायला सांगा.